भांडवल: शब्दाचे मूळ आणि वहीतील त्याची जागा

प्रश्न असा आहे. सांगलीतील एका तरुण व्यापाऱ्याने वडिलांकडून हळदपूड दळून विकण्याचा व्यवसाय हाती घेतला. या वर्षी त्याच्या हाती पहिला ताळेबंद आला, तेव्हा ‘भांडवल’ ही रक्कम देण्याच्या बाजूला, बँकेच्या कर्जाच्याही वर लिहिलेली त्याला दिसली. पैसे माझे, दुकान माझे, मग हे देणे कोणाचे, असे तो विचारतो. जोडीला त्याने आणखी एक शंका काढली आहे. कोणी तरी त्याला ‘भांडवल’ हा शब्द ‘भांडण’ यावरून आल्याचे सांगितले, ते खरे आहे का?

दुसरी शंका आधी घेतो, कारण तिचे उत्तर मिळाले की पहिलीचा निम्मा गुंता आपोआप सुटतो. भांडणाचा आणि भांडवलाचा शब्द म्हणून काहीही संबंध नाही. ‘भांडण’ हा निर्भर्त्सना करणे या अर्थाच्या ‘भण्ड्’ या धातूच्या कुळातला आहे, तर ‘भांडवल’ हा ‘भाण्ड’ म्हणजे भांडे या नामाच्या कुळातला. (भागीदारीची प्रकरणे गेली तीस वर्षे हाताळल्यामुळे ही चुकीची व्युत्पत्ती कोणाला सुचली असेल ते मला समजते.)

संस्कृतातील ‘भाण्ड’ या शब्दाचा पहिला अर्थ मडके, घागर, पात्र असा आहे. भांड्यात जे भरायचे तेही भाण्डच झाले, आणि मग विक्रीसाठी साठवलेला कोणताही माल आणि त्या मालाच्या रूपाने व्यापाऱ्याच्या गाठीला असलेले मूळ धन असा अर्थाचा विस्तार झाला. कोशांत हे सगळे अर्थ एकाच शब्दाखाली सापडतात. ‘भाण्डागार’ म्हणजे माल ठेवण्याचे घर, त्याचेच ‘भांडार’ झाले. नाणे दुर्मीळ होते त्या काळी व्यापाऱ्याची ऐपत त्याच्या कमरेच्या पैशांच्या पिशवीवरून कळत नसे. रांजणात तेल किती, कणगीत धान्य किती, बुधल्यात तूप किती, यावरून ती ठरे. म्हणजे भांडवल हा मुळात नोटांचा किंवा नाण्यांचा शब्दच नाही, तो भरलेल्या भांड्याचा शब्द आहे.

सांगलीकराला हे समजावून सांगायला पुस्तक लागत नाही, कारण आपल्याकडे कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरचे हरिपूर आहे. तेथील जमिनीत खणलेल्या पेवांत व्यापाऱ्यांची हळद वर्षानुवर्षे ठेवली जात असे. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातले एक प्रचंड भांडेच: वर तोंड अरुंद, आत पोट मोठे, माल भरला की तोंड बंद करून लिंपायचे. हवा आत जात नसल्यामुळे कीड लागत नसे आणि हळदीचा रंग टिकत असे. ज्या व्यापाऱ्याची पेवे भरलेली त्याचे भांडवल मोठे, इतका साधा हिशेब होता, आणि त्या भरलेल्या पेवावर पैसे कर्जाऊ मिळत. आज बहुतेक माल गोदामात आणि शीतगृहात जातो, पण एखाद्या गोष्टीचे ‘पेव फुटले’ असे आपण अजून म्हणतो, तेव्हा त्या वाक्प्रचारात असेच पेवात साठवलेले धान्य बाहेर येत असते.

हाच शब्द कन्नडमध्ये ‘बंडवाळ’ या रूपात, त्याच अर्थाने, रोजच्या वापरात आहे. आपण ‘भांडवलशाही’ म्हणतो, ते ‘बंडवाळशाही’ म्हणतात. शेवटची ‘शाही’ दोघांनी फारसीतून घेतली. मिरजेच्या बाजारात ज्यांनी दोन्ही भाषांतून सौदे ऐकले आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. शब्द कोणी कोणाला दिला यावर विद्वान वाद घालू शकतात. माझ्या दृष्टीने कृष्णाकाठच्या दोन्ही भाषांच्या व्यापाऱ्यांनी तो एकत्र वापरून घासला, एवढे पुरेसे आहे. ‘मुद्दल’ या शब्दाबद्दल मात्र माझे मत ठाम आहे. कन्नड ‘मोदलु’ आणि तमिळ ‘मुदल’ यांचा अर्थ पहिले, आरंभीचे असा आहे, आणि दोन्ही भाषांत तोच शब्द मूळ रकमेलाही लावतात. ध्वनी आणि अर्थ इतके जुळत असताना मुद्दल दक्षिणेकडून आले असे न मानण्यास मला कारण दिसत नाही.

इतर भाषांनी याच कल्पनेसाठी वेगळे चित्र निवडले. हिंदीतील ‘पूंजी’ हा पुंज म्हणजे ढीग यावरून आला. इंग्रजीतील ‘कॅपिटल’ लॅटिनमधील डोके या अर्थाच्या शब्दावरून आला आणि गुराढोरांना लावला जाणारा ‘कॅटल’ हा शब्दही त्याच घराण्यातला आहे. एकाने ढीग पाहिला, एकाने डोकी मोजली, आपण भांडे पाहिले. आणखी एक गंमत नोंदवून पुढे जातो. आपल्या वहीतील जमा, खर्च, बाकी, नफा, रक्कम, हिशेब हे सगळे शब्द अरबी-फारसीतून दफ्तराच्या वाटेने आले. त्या गर्दीत भांडवल, मुद्दल, तोटा आणि व्याज हे वेगळ्या वाटेचे शब्द टिकून राहिले. यांपैकी ‘व्याज’ याचा संस्कृतातील अर्थ कपट, बहाणा असा आहे (‘व्याजस्तुती’ अलंकारात तोच आहे). तो मी कर्जदारांना मुद्दाम सांगतो आणि बँकवाल्यांसमोर टाळतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मी उमेदवारी केली ती गणपती पेठेतील एका हळदीच्या पेढीवर, एका वृद्ध दिवाणजींच्या हाताखाली. ते दिवाळीत नवी वही पुजून पहिल्या पानावर ‘श्री’ काढत, आणि त्याखालची पहिली नोंद नेहमी एकच असे: अमुक शेठ यांचे भांडवल खाते जमा, रुपये इतके. (सर्व व्यापाऱ्यांचे हिशेबी वर्ष प्राप्तिकरासाठी १ एप्रिल ते ३१ मार्च असे सक्तीचे झाले ते १९८९ मध्ये; त्यानंतरही वहीपूजन दिवाळीतच होते आणि नोंदी एप्रिलपासूनच्या असतात, याचे कोणाला काही वाटत नाही.) मी विचारले, शेठ स्वतःच मालक, मग त्यांच्या नावाचे खाते कशाला? दिवाणजींनी पेन खाली ठेवले आणि म्हणाले, “पेढी वेगळी, शेठ वेगळे. शेठने पेढीला पैसे दिले. आपण पेढीचे दिवाणजी, शेठचे नव्हे.”

सगळे उत्तर या तीन छोट्या वाक्यांत आहे. ताळेबंद हा तुमचा नसतो, तुमच्या दुकानाचा असतो. दुकान हा जणू एक तिसरा माणूस आहे, आणि तो लिहून ठेवतो की माझ्याजवळ काय काय आहे आणि ते मला कोणी कोणी दिले. बँकेने दिले ते कर्ज, माल देणाऱ्याने उधार दिले ते देणे, आणि मालकाने दिले ते भांडवल. म्हणून ते देण्याच्या बाजूला येते. या रकमेपुरते तुमचे दुकान तुमचे देणे लागते, तुम्ही कोणाचे नाही. देशी पद्धतीच्या वहीत डावी बाजू जमेची (आलेल्या रकमांची) आणि उजवी नावेची (दिलेल्या रकमांची) असते, आणि आपल्याकडे रूढ असलेल्या ताळेबंदात देणी डावीकडे व मालमत्ता उजवीकडे लिहितात. त्यामुळे जुन्या दिवाणजींना नव्या ताळेबंदाची ही बाजू परकी वाटली नाही.

आकडे घेऊन पाहू. समजा, वर्षाच्या आरंभी दुकानाजवळ ६,२०,००० रुपयांची हळद व पूड, १,४०,००० रुपयांची गिऱ्हाइकांकडील येणी आणि ४०,००० रुपये रोख, असे मिळून ८,००,००० रुपये आहेत. बँकेचे कर्ज ३,००,००० आहे. उरलेले ५,००,००० हे तुमचे भांडवल. लक्षात घ्या की हे पाच लाख कुठल्याही एका खणात, तिजोरीत किंवा बँक खात्यात नाहीत. त्यांतील काही पोत्यांत आहेत, काही विट्याच्या किराणा दुकानदाराच्या उधारीत आहेत. “भांडवल पाच लाख आहे म्हणता, मग ते दाखवा,” असे मला अनेकदा विचारले गेले आहे. ते दाखवता येत नाही, कारण भांडवल ही वस्तू नसून वजाबाकी आहे: जवळ असलेले सगळे, वजा दुसऱ्यांचे सगळे.

आता वर्षभरात १,२०,००० रुपये नफा झाला आणि घरखर्चासाठी, मुलीच्या फीसाठी व गावाकडच्या विहिरीच्या कामासाठी तुम्ही मिळून १,८०,००० रुपये उचलले. नफा भांडवलात मिळवायचा, उचल वजा करायची. वर्षअखेरीस भांडवल ४,४०,००० राहिले. धंदा नफ्यात असूनही भांडवल साठ हजारांनी घटले, आणि नेमके याच ठिकाणी व्यापारी माझ्याशी वाद घालतो. त्याच्या मते नफा झाला म्हणजे सगळे ठीक आहे. नफ्याचा आकडा ताळेबंदाच्या आधीच्या पानावर असतो आणि तो सर्वांना पाठ असतो. उचलीचा आकडा भांडवल खात्यात असतो आणि तो कोणी वाचत नाही. गल्ल्यातून रोज उचललेले पाचशे रुपये कोणाच्याच लक्षात राहत नाहीत, पण वर्षाअखेरीस त्यांची बेरीज एक लाख साडेब्याऐंशी हजार होते.

भांडवल देण्याच्या बाजूला असले, तरी ते इतर देण्यांसारखे नसते आणि याचा खरा अर्थ मला २०१९ च्या ऑगस्टमध्ये कळला. कृष्णेचे पाणी बाजारपेठेत शिरले आणि कित्येक दिवस उतरले नाही. पाणी ओसरल्यावर मी एका अशिलाच्या गोदामात गेलो. भिंतीवर पाण्याची रेषा माझ्या डोक्याच्या वर होती आणि तिच्या खालची सगळी भिंत, चुना लावलेली, हळदीने पिवळी पडली होती. पोती फुगून फुटली होती. अशिलाच्या विम्यात पुराचा धोका घेतलेला नव्हता. आम्ही लाकडी पेटीवर बसून हिशेब केला. समजण्यासाठी वरच्याच दुकानाची वर्षअखेरीची स्थिती धरू: ५,६०,००० रुपयांच्या मालापैकी अडीच लाखांचा गेला, उधारी १,५०,००० आणि रोख ३०,००० तशीच राहिली. उरले ४,९०,०००. बँकेचे कर्ज तीन लाख होते, ते तीन लाखच राहिले. भांडवल मात्र ४,४०,००० वरून १,९०,००० वर आले. ते गृहस्थ कागदाकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे बँकेचं तसंच्या तसं, आणि वाहून गेलं ते सगळं माझंच.”

भांडवलाची इतकी नेमकी व्याख्या मी कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचलेली नाही. तोटा आला की तो प्रथम भांडवल खाते गिळते आणि ते संपल्यावरच तो ज्यांचे देणे आहे त्यांच्यापर्यंत पोचतो. बँक कर्ज देताना मालकाचे स्वतःचे भांडवल किती हे विचारते ते याचसाठी. तिला तुमच्या श्रीमंतीत रस नसतो, आपल्या पुढे किती जाड भिंत आहे हे तिला पाहायचे असते.

भांडवल नेहमी रोख स्वरूपातच आणावे लागते असेही नाही. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळचे माळरान दिले, आणि आजची किर्लोस्करवाडी त्यावर उभी राहिली. जमीन, यंत्र, गाळा, कधी कधी नावाची पत हेही भांडवल असते. पण ते वहीत लिहिले पाहिजे. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात दोन सख्खे भाऊ भागीदार होते. धाकट्याने पैसे घातले, ते त्याच्या खात्यावर जमा झाले. थोरल्याने स्वतःच्या मालकीचा गाळा दिला आणि घरातलीच गोष्ट म्हणून कोणी काही लिहिले नाही. अठरा वर्षांनी वेगळे व्हायची वेळ आली, तेव्हा गाळा पेढीत भांडवल म्हणून आला होता की नुसता वापरायला दिला होता, या एका मुद्द्यावर दोघांचे बोलणे बंद झाले. गाळ्याची किंमत तोपर्यंत पेढीतील सगळ्या मालापेक्षा जास्त झाली होती. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते, हे मी आजही सांगेन.

भागीदारीत आणखी एक फरक व्यवस्थित समजून घ्यावा. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे करारात तसे ठरले नसेल तर भागीदाराला त्याच्या भांडवलावर व्याज मिळत नाही, आणि ठरले असेल तरी ते फक्त नफ्यातून मिळते. मात्र त्याने ठरलेल्या भांडवलापेक्षा जास्त पैसे पेढीला उसने दिले, तर त्यावर त्याला सहा टक्के व्याजाचा हक्क आहे. म्हणजे त्याच माणसाचे, त्याच खिशातले पैसे, एका शीर्षकाखाली भांडवल आणि दुसऱ्या शीर्षकाखाली कर्ज. करारात भांडवलावरील व्याज लिहिले असेल तर प्राप्तिकरासाठी १२ टक्क्यांपर्यंतच ते पेढीचा खर्च म्हणून मान्य होते. तुमच्यासारख्या एकट्या मालकाला ही सोय नाही. स्वतःच स्वतःला दिलेले व्याज खर्च धरत नाहीत.

कंपनीच्या आणि सहकारी संस्थेच्या भागभांडवलाचा प्रश्न तुमचा नाही, म्हणून त्यावर थोडक्यात. कंपनीचे अधिकृत भांडवल म्हणजे जास्तीत जास्त किती भाग काढता येतील याची मर्यादा. प्रत्यक्ष आलेली रक्कम वेगळी, तिला ‘भरणा झालेले’ भांडवल म्हणतात. खासगी कंपनीला किमान एक लाखाचे भरणा भांडवल लागे, ती अट २०१५ मध्ये निघाली. सहकारी कारखान्याच्या सभासदाकडे एकापेक्षा जास्त शेअर असले म्हणून त्याला जास्त मते मिळत नाहीत, आणि महाराष्ट्रातील सहकार कायदा लाभांशाला सर्वसाधारणपणे १५ टक्क्यांची मर्यादा घालतो.

तुमच्या उपयोगाचा शब्द आहे ‘खेळते भांडवल’, आणि मराठीने व्यापाराला दिलेल्या शब्दांत मला हा सर्वांत आवडतो. पूड दळायची चक्की, काटा, गाळ्याची अनामत यांत गेलेले भांडवल बसलेले असते. बाकीचे खेळते: रोकड देऊन हळद घ्यायची, हळदीची पूड करायची, पूड उधार द्यायची, उधारी वसूल करून पुन्हा रोकड. हा फेरा जितका लवकर पुरा होईल तितके कमी भांडवल तेवढ्याच विक्रीला पुरते. हळदीत अडचण अशी की माल बाजारात येतो तो फेब्रुवारी ते मे या काळात, आणि विक्री बारा महिने चालते. एका हंगामात वर्षाचा माल घेऊन ठेवायचा तर पाच लाखांचे भांडवल मार्चमध्येच मालात अडकून जाते, म्हणून बँकेचे कॅश क्रेडिट (मालाच्या तारणावर लागेल तसे उचलायचे कर्ज) लागते. तिथे बँक मालाच्या पूर्ण किमतीवर पैसे देत नाही. समजा, २५ टक्के वाटा तुमचा धरला, तर ६,२०,००० च्या मालावर ४,६५,००० ची उचल मिळेल. आणि तो माल उधारीने आणलेला असेल, तर जेवढ्याचे पैसे द्यायचे बाकी आहेत तेवढी किंमत आधी वजा होईल. हा २५ टक्के वाटा म्हणजे पुन्हा तीच भिंत, मालकाच्या भांडवलाची.

बेदाण्याचा व्यापार करणारे तासगावचे माझे एक अशील हा फेरा कागदाच्या एका तुकड्यावर लिहून गल्ल्याच्या खणात ठेवत: माल घेतल्याची तारीख, विकल्याची तारीख, पैसे आल्याची तारीख. पहिल्या आणि तिसऱ्या तारखेत चार महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडले की ते त्या गिऱ्हाइकाला पुढचा माल रोखीनेच देत. माझ्या सल्ल्याची त्यांना फारशी गरज पडली नाही.

एखाद्या गोष्टीचे ‘भांडवल करणे’ हा वाक्प्रचार राजकारणात रोज ऐकू येतो आणि त्यातही मूळ अर्थ शाबूत आहे: दुसऱ्याची चूक म्हणजे आपल्या भांड्यात पडलेला माल, तो आता विकायचा. ‘बिनभांडवली धंदा’ हा त्याचाच भाऊ, आणि तो बहुधा टोमणा म्हणूनच वापरतात.

तुमचा ताळेबंद पुन्हा उघडा. भांडवलाच्या ओळीसमोर एकच आकडा असला तरी त्याच्या मागे भांडवल खात्याचे स्वतंत्र परिशिष्ट जोडलेले असते: आरंभीची शिल्लक, अधिक नफा, वजा उचल, अखेरची शिल्लक. वडिलांनी व्यवसाय तुमच्या हाती दिला, तेव्हा त्यांच्या खात्यातील रक्कम तुमच्या खात्यावर बक्षीस म्हणून वर्ग केली की ती त्यांचे कर्ज म्हणून दाखवली, हे त्या परिशिष्टाच्या पहिल्याच ओळीवरून कळेल. ते वाचून आणा. तिथे ‘वडिलांकडून उसनवार’ असे लिहिले असेल तर तुमचे भांडवल तुम्ही समजता त्यापेक्षा बरेच कमी आहे, आणि आपल्याला बँकेकडे जाण्यापूर्वी वडिलांशी बोलावे लागेल.